विरुद्ध बाजूची चिठ्ठी

तारकर्लीच्या पुढे खाडीच्या काठाने मैलभर चाललं की पाणंदवाडी लागते. तिथे जनार्दन पराडकर कुठे राहतात असं विचारलं असतं, तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली असती. भाई कंपाउंडर म्हटलं की मात्र कोणीही हातातलं काम टाकून दारापर्यंत नेऊन सोडायचं. एकतीस वर्षं भाईंनी गावातल्या सरकारी दवाखान्यात काढली होती. तेवढ्या काळात लोकल बोर्ड जाऊन जिल्हा परिषद आली, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, अठरा डॉक्टर आले आणि बदलून गेले. भाई त्याच खिडकीमागे उभे राहून लोकांनी घरून आणलेल्या बाटल्यांत गुलाबी औषध ओतत राहिले. बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवायची असते. ती ते इतकी निगुतीने कातरायचे की औषध संपल्यावरही बायका बाटली टाकायच्या नाहीत, खोबरेल भरून ठेवायच्या.

माणूस मऊ, बोलणं बेताचं. एकाच विषयावर त्यांचा आवाज चढायचा. औषधपाणी हे सरकारचं काम, ते सरकारनेच करावं आणि सगळ्यांना सारखं करावं, असं त्यांचं ठाम मत होतं. मामलेदाराच्या बायकोला आणि मासे विकणाऱ्या बाईला आपण एकाच बरणीतलं औषध दिलं, हे ते छाती फुगवून सांगत. त्यावर त्यांची बायको सुभद्राबाई म्हणायची की हो, आणि गुणही दोघींना सारखाच यायचा नाही.

भाई निवृत्त झाले आणि भाड्याच्या घरातला तो दवाखानाही बंद पडला. त्याला तीन वर्षं झाली आणि १९८७ साली गावच्या वाचनालयाचा रौप्यमहोत्सव आला. त्याच सुमारास दोन गोष्टी गावात एकदम येऊन पडल्या होत्या. पहिली म्हणजे इस्पितळाच्या खर्चाचा विमा. मालवणचा विमा एजंट गणपत सामंत लुनावरून यायचा आणि या नव्या पॉलिसीचे कागद वाटून जायचा. मेल्यावर पैसे मिळणारा विमा लोकांना ठाऊक होता. आजारी पडल्यावर मिळणारा नवा होता, त्यामुळे त्याची चर्चा फार. दुसरी गोष्ट म्हणजे जिल्हा परिषदेचं पत्र. गावाने दोन गुंठे जागा दिली तर आरोग्य उपकेंद्र बांधून मिळेल, असं त्यात म्हटलं होतं. विमा बरा की सरकारी दवाखाना बरा, यावर न्हाव्याच्या खुर्चीपासून होडीच्या धक्क्यापर्यंत सगळीकडे वाद चालले होते. वाचनालयाचे चिटणीस गुरुदास मयेकर यांनी ही हवा ओळखली आणि महोत्सवाच्या पत्रिकेवर वादविवादाचा विषय छापून टाकला: आरोग्यसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले पाहिजे.

वक्ते दोन. एक भाई, आणि दुसऱ्या हायस्कूलच्या रुक्मिणी आचरेकर बाई. रुक्मिणीबाईंच्या भावाचं ऑपरेशन बेळगावला खाजगी इस्पितळात झालं होतं आणि त्यापायी माहेरची काजूची बाग गेलेली त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. त्यामुळे गणपतची पॉलिसी गावात सर्वांत आधी त्यांनी घेतली. कोणी विचारो न विचारो, त्या विम्याचं महत्त्व पटवून द्यायच्या. म्हणजे जोडी अगदी जमून आली होती. पण गुरुदास पडले नियमाचे. बाजू आपण ठरवली तर पक्षपात होईल, म्हणून त्यांनी देवळात समईपुढे चिठ्ठ्या टाकल्या. रुक्मिणीबाईंना अनुकूल बाजू आली आणि भाईंना प्रतिकूल.

भाई चिठ्ठी उलटसुलट करून बघत राहिले. रुक्मिणीबाई म्हणाल्या की दोघांचीही हरकत नसेल तर अदलाबदल करून टाकू या. गुरुदास कानांवर हात ठेवून म्हणाले की देवासमोर निघालेली चिठ्ठी बदलण्याचा अधिकार चिटणिसाला नाही, घटनेतच नाही. वाचनालयाची घटना त्यांनीच लिहिली होती आणि दुसऱ्या कोणी ती वाचलेली नव्हती, त्यामुळे पुढे बोलणं खुंटलं.

 तिसऱ्या दिवशी भाई रुक्मिणीबाईंच्या पडवीत जाऊन बसले आणि पॉलिसीचा कागद वाचायला मागितला. बाईंनी कागद दिला आणि त्याच बसण्यात वही उघडून सरकारी दवाखान्याचे फायदे विचारून घेतले. मग आठवडाभर हेच चाललं. भाई बाईंना शिकवत होते आणि बाई भाईंना. मनातलं सगळं चांगलं दोघांनी एकमेकांच्या हवाली केलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की यांची केवढी एकी आहे.

मार्गशीर्षातल्या रविवारी चार वाजता शाळेच्या पटांगणात सभा भरली. भात घरात आलेलं, माणसं मोकळी, त्यामुळे खुर्च्या संपून माणसं कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसली. रुक्मिणीबाई आधी बोलल्या. मुद्दे क्रमाने, आवाज खणखणीत. विमा कंपन्या सरकारने कधीच ताब्यात घेतल्या, मग दवाखाने का नकोत, हा त्यांचा सवाल चांगलाच होता. पण वर्गात बसल्यासारखं वाटून लोक हाताची घडी घालून ऐकत राहिले.

मग भाई उठले.  बाईंनी शिकवलेला पहिला मुद्दा आठवेना, दुसराही आठवेना. समोर दोनअडीचशे माणसं बसलेली. काही तरी बोलायलाच हवं, म्हणून भाईंनी जे ठाऊक होतं ते सांगायला सुरुवात केली, आणि ठाऊक होतं ते एकतीस वर्षांचं होतं. पावसाळ्यात तापाच्या गोळ्या मागवल्या की त्या दिवाळीला कशा यायच्या, हे त्यांनी सांगितलं. एका वर्षी खोकल्याचं औषध संपलं आणि पायाला लावायचं मलम तीन वर्षं पुरेल इतकं आलं, तेव्हा डॉक्टरांनी गावातल्या एकूण एक माणसाचे पाय कसे तपासले, तेही सांगितलं. डॉक्टरच्या बदलीचा हुकूम कसा नेहमी डॉक्टरच्या आधी पोचायचा. वजनाचा काटा दुरुस्तीला गेला तो त्यांच्या निवृत्तीपर्यंत परत आला नाही, आणि तोवर ते माणसाला हाताने उचलून वजन कसं सांगायचे. गडग्यावरची माणसं हसून हसून खाली उतरली.

भाई आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत बोलत होते आणि माणसं हसत होती, टाळ्या देत होती. त्यांच्या अंगात कसलंसं वारं शिरलं. शेवटी आवाज उंचावून ते म्हणाले, "फुकट मिळतं ते मागावं लागतं. हप्ता भरला की माणूस मागत नाही, हक्काने घेतो." टाळ्या थांबेनात. पहिला नंबर भाईंना मिळाला. शाल आणि नारळ घेऊन घरी येताना त्यांना आपली चाल जरा ऐटीची झाल्यासारखी वाटली.

ही ऐट आठ दिवस टिकली. नवव्या दिवशी ग्रामपंचायतीच्या बैठकीत उपकेंद्राच्या जागेचा विषय निघाला. पंच बाबली शेठ नारळाचे व्यापारी होते. खाडीकाठची ती गावठाणाची जागा त्यांच्या वखारीला लागून होती आणि ते तिथे आपले नारळ ओतायचे. त्यांनी शांतपणे सांगितलं की खुद्द भाई कंपाउंडर म्हणतात सरकारी दवाखान्यात काही राम नाही. एकतीस वर्षं आत राहिलेल्या माणसापेक्षा आपल्याला जास्त कळतं काय?  विषय पुढे ढकलला गेला.

भाईंना हे कळलं ते मथुरा सिस्टरकडून. मथुरा ही जिल्हा परिषदेची नर्स, मूळची नांदगावची. आठवड्यातून तीन दिवस ती पाणंदवाडीला यायची, लस टोचणीची पेटी खांद्यावर घेऊन चालत. गावात तिला बसायला जागा नव्हती. शाळेच्या पडवीत एका बाकावर तिचा दवाखाना भरायचा, आणि मुलांची मधली सुट्टी झाली की तिला बाक सोडावा लागायचा. गरोदर बाईला तपासायचं तर ती शेजारच्या घरी आतली खोली मागायची. त्या दिवशी ती भाईंकडे आली, पाणी प्याली आणि बैठकीची हकिकत सांगितली. तक्रारीचा सूर नव्हता. उठताना एवढंच म्हणाली, "भाईनु, तुमी बोललात तां सगळा खरा. आमी बायलमाणसां पण हसान हसान मेलो. फक्त माका बसाक जागा नाय, तां सांगूक तेवढा इसारलात."

भाईंनी त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही. 

दुसऱ्या दिवसापासून ते गावात फिरून सांगू लागले की आपण चिठ्ठीप्रमाणे बोललो, आपलं मत तसं नाही. कोणाला ते खरं वाटेना. लोकांना वाटलं, भाईंचा स्वभावच मोठेपणा न घेण्याचा. उलट ते भाईंची वाक्यं भाईंनाच म्हणून दाखवायचे आणि मलमाची गोष्ट पुन्हा सांगायला लावायचे. न्हावी तर म्हणाला की वाद घालून हरला असता आणि मग मत बदललं असतं तर समजण्यासारखं होतं. जिंकून मत बदलणारा माणूस आपण पहिल्यांदा बघतोय.

आणि मग एका दुपारी गणपत सामंताची लुना भाईंच्याच दारात येऊन थांबली. गणपतने पिशवीतून एक कागद काढला आणि ओशाळून भाईंच्या हातात ठेवला. विम्याचा अर्ज होता, कंपनीने परत पाठवलेला. खाली सही होती सुभद्रा जनार्दन पराडकर. भाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग माजघराकडे वळून त्यांनी हाक मारली.

सुभद्राबाई हात पुसत बाहेर आल्या. कागद बघून त्या जराही बावरल्या नाहीत.

"होय, मी भरलंय फारम," त्या म्हणाल्या.

"माका इचारूक नको?"

"इचारूचा काय तेच्यात? सगळ्या गावाक तुमीच सांगितलात मां? मी पयल्या रांगेत बसान आयकलंय."

भाईंनी कागद गणपतपुढे धरला. कंपनीने अर्ज परत का पाठवला ते गणपतने समजावलं. सुभद्राबाईंना वीस वर्षांचा दमा. आधीपासून असलेलं दुखणं या पॉलिसीत बसत नाही. ते खरं न लिहिता चाललं असतं, पण सुभद्राबाईंनीच रकान्यात दमा असं ठळक लिहिलं होतं आणि कंसात वर्षंही टाकली होती. गणपत माणूस सरळ होता. भाषणानंतर गावातून आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून जास्त परत आल्याचं त्याने सांगितलं. कोणाला जुना अल्सर, कोणाला साखर. बाळंतपण तर यात धरतच नाहीत. "आणि भाईनु," तो म्हणाला, "इस्पितळात खाटेवर झोपल्याशिवाय ह्यो इमो लागू पडणा नाय. तुमच्या गावातून खाट गाठूक अर्धो दिस जाता. मी इमो इकतंय, खाट खंयसून आणू?"

त्याला चहा पाजून भाईंनी वाटेला लावलं. सुभद्राबाई फळीवरून दम्याच्या गोळ्यांची पुडी काढून त्यातली एक तोंडात टाकत होत्या. ती पुडी मथुरा सिस्टरने दिलेली होती. भाईंनी ती बघितली. नंतर त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि थेट रुक्मिणीबाईंचं घर गाठलं.

जानेवारीच्या शेवटी ग्रामसभा होती. बाबली शेठनी विषय तिथेही पुढे ढकलायचा घाट घातला, पण भाईंनी बोलायची परवानगी मागितली. भाई बोलणार म्हटल्यावर मागची माणसं पुढे सरकली. मजा येणार अशी सगळ्यांची खात्री होती. भाई उभे राहिले आणि मजा काही येईना. मनात जे होतं तेच सांगायचं होतं, आणि तेच नेमकं त्यांना जमत नव्हतं. वाक्यं तुटत होती, हात कुठे ठेवावा कळत नव्हतं. एकाने मागून मलमाची गोष्ट सांगा म्हणून सुचवलं. भाई थांबले, घाम पुसला आणि कुठेही आवाज न चढवता म्हणाले:

"गोळ्या दिवाळीला यायच्या, हे मी सांगितलं. त्या यायच्या, हे सांगायचं राहून गेलं. उशिरा का होईना, त्या आल्यावर रांगेत कोण उभं असायचं ते मी त्या खिडकीतून एकतीस वर्षं बघितलंय. तुम्हीच उभे असायचात. माझ्या मंडळींचा दमा विम्यात बसला नाही. मथुरेच्या बाकावर बसला. आता तो बाकसुद्धा शाळेचा आहे."

एवढं बोलून ते खाली बसले. टाळी एकही वाजली नाही. भाईंना वाटलं की झालं, आपण घालवलं.

मग रुक्मिणीबाई उठल्या. त्यांनी आधी स्पष्ट केलं की आपलं मत बदललेलं नाही. पॉलिसी आपल्या कपाटात आहे आणि ज्याला घेता येईल त्याने ती घ्यावीच. त्यानंतर त्यांनी सभेला दोन प्रश्न विचारले, शाळेत विचारतात तसे, हात वर करून उत्तर द्यायला सांगून. ज्यांनी विमा उतरवला त्यांनी हात वर करा. सात हात वर आले, त्यातला एक त्यांचा स्वतःचा. आता, गेल्या वर्षभरात सिस्टरच्या बाकावर जे कोणी जाऊन आले त्यांनी करा. बायकांच्या बाजूने आधी हात आले, मग पुरुषांतून एकेक. विम्याचे सातही त्यात होते. सरपंचांनीही वर केला. बाबली शेठनी केला नाही, पण त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या थोरल्या भावाने केला आणि त्यांच्याकडे बघितलं.

"पॉलिसी इस्पितळाचं बिल भरते," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "इस्पितळ ती बांधत नाही. ते कोणी तरी बांधावं लागतं."

बाबली शेठ व्यापारी होते, वारा कुठला आहे ते त्यांना कळत होतं. त्यांनी जागेला पाठिंबा दिला, पण खाडीकाठची नको म्हणाले. भरतीचं पाणी चढतं, औषधं दमट होतील, त्यापेक्षा वर डोंगरमाथ्याच्या सड्यावरची जागा कोरडी आणि हवेशीर आहे. सड्यावर चढायचं म्हणजे दम्याच्या माणसाला अर्धा तास, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण जागाच न मिळण्यापेक्षा बरं, म्हणून सभेने मान डोलावली आणि ठराव पास झाला. घरी येताना भाई हसावं की चिडावं या विचारात होते. सुभद्राबाईंनी मात्र त्या दिवशी आपणहून घावणे केले.

बांधकाम व्हायला दोन वर्षं लागली. सड्यावरच्या जांभ्या दगडात पाया खोदताना कंत्राटदार एकदा पळून गेला, एकदा कौलं आली आणि वासे आले नाहीत. शेवटी १९८९ च्या डिसेंबरात दोन खोल्या उभ्या राहिल्या. मथुरा सिस्टरला टेबल मिळालं, पडदा लावलेली तपासणीची खाट मिळाली, आणि स्वतःच्या दाराची किल्ली मिळाली. पहिल्या दिवशी तिने आतून कडी लावली, उघडली आणि पुन्हा लावून बघितली, असं बायका सांगत.

भाई दर गुरुवारी वर जायचे. त्यांना तिथे काही काम नव्हतं; आता गोळ्या तयार पाकिटात यायच्या, पट्ट्या कातराव्या लागत नव्हत्या. पण म्हाताऱ्यांना कुठली गोळी कधी घ्यायची ते ते सांगत बसायचे. शाळा सकाळची असली की रुक्मिणीबाईही चढणीला त्यांच्या सोबत असायच्या आणि वाद पहिल्या वळणापासून सुरू व्हायचा. बाई म्हणायच्या, गरिबाचा हप्ता सरकारने भरावा म्हणजे प्रश्न मिटला. भाई म्हणायचे, सरकारनेच भरायचा तर मधे कंपनी कशाला? बाई म्हणायच्या, आणि तुमच्या गोळ्या दिवाळीला येऊ नयेत म्हणून कोणाला विचारायचं? भाई उभे राहून उत्तर द्यायचे, कारण चालता चालता त्यांना दोन्ही जमत नव्हतं. मग बाईही थांबायच्या.

सुभद्राबाई त्यांच्यासाठी कधी थांबल्या नाहीत. काठी टेकत, मधे दोन ठिकाणी बसत, त्या आधीच वर पोचलेल्या असत. यजमान कुठे राहिले असं मथुराने विचारलं की त्या पदराने वारा घेत सांगायच्या, "खाली आसत, वाद घालतत. त्यांच्याबरोबर इलंय तर माझो नंबर चुकता."